जाड कागद आणि गोडं पाणी

माझा स्वभाव मुळातच उतावळा. चहा निवेपर्यंत दम धरवत नाही, म्हणून आयुष्यभर जीभ भाजून घेत आलो. अशा माणसाने सुईच्या भोकाचा कॅमेरा करावा, म्हणजे थट्टाच.

पण केला खरा. साठच्या दशकाची सुरुवात होती. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हतं. वाशीच्या खाडीवर आमचं गाव, गावाला लागून मिठागरं. मी मुंबईत एका छापखान्यात कामाला होतो. तिथल्या ब्लॉक बनवणाऱ्या कारागिराने मला शिकवलं, की बिस्किटाचा डबा आतून काळा करायचा, पुढे सुईने भोक पाडायचं, आत फिल्मऐवजी फोटो छापायचा कागद लावायचा; भोकातून येणारा उजेड कागदावर उलटं चित्र, म्हणजे निगेटिव्ह, उठवतो; ती दुसऱ्या कागदावर छापली की फोटो तयार. फक्त समोरच्याने दोन मिनिटं हलायचं नाही.

त्याच सुमारास दादाला मालवाहू बोटीवर नोकरी लागली. पाच दिवसांत निघायचं होतं, आणि परत कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आईने एकच गोष्ट मागितली, त्याचा फोटो. आमच्या घरात तोवर कुणाचाच फोटो नव्हता. स्टुडिओसाठी तिने पदराच्या गाठीतून पैसेही काढले. मी ते परत तिच्या हातात कोंबले आणि म्हणालो, "स्टुडिओ कशाला? मी काढतो." फुशारकी, दुसरं काय.

मग कागदासाठी धावाधाव. होडीने पलीकडे, तिथून बसने फोर्टात. गल्लीतल्या त्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ कागदाची पाकिटं अशी हळूहळू काढत होते, की माझे पाय जागच्या जागी नाचायला लागले. सगळ्यात स्वस्त कागद त्यांनी आधी दाखवला. तो निगेटिव्हला चिकटवून छापायचा, उजेड टिपायला फार मंद. "झाडाचा फोटो असेल तर न्या," ते म्हणाले. "माणूस इतका वेळ बसणार नाही." उजेड लवकर टिपणारा चांगला, ताजा, पातळ ब्रोमाइड कागद माझ्या खिशाबाहेरचा. शेवटी खालच्या फळीवरून त्यांनी मुदत उलटलेलं एक पाकीट काढलं. कागद ब्रोमाइडच, पण जाड, कडा करड्या पडलेल्या, किंमत निम्मी.

"कडा कापून टाका, मधला भाग चालेल," ते म्हणाले. "पण हा जाड आहे, फोटो उठवायचं औषध पितो. तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागेल. घरी पाणी आहे ना?"

मला होडी गाठायची होती. "आम्ही खाडीकाठी राहतो, पाण्याला काय तोटा!" म्हणालो आणि पाकीट उचललं. ते आणखी काही सांगत होते. मी तोवर रस्त्यावर आलो होतो.

पाकिटात बारा कागद होते. चार ठेवायचे छापायला, उरलेल्या आठांत दादाला पकडायचं. दादा म्हणजे माझाच भाऊ, पायाला भिंगरी. पहिल्या कागदावर मान हलली. दुसऱ्यावर कुणीतरी बांधावरून हाक मारली आणि हा उठून उभा राहिला. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत नुसता पालथ्या होडीवर बसलेला धूर. मी चिडलो, तोही चिडला. "तुझा डबा दे खाडीन टाकून," म्हणाला. जायला दोन दिवस उरले होते. आईला नाही म्हणून सांगायचं कसं, हा विचार पाठ सोडत नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा कागद लावला तेव्हा आई कामावरून आली, माझ्या मागे उभी राहिली आणि दादाला म्हणाली, "माझ्याकरं बघ." दादा तिच्याकडे बघत राहिला. दोन मिनिटं. हलला नाही.

भाताच्या खोलीच्या फटी गोणपाटाने बुजवून, कंदिलाला तांबडा कागद गुंडाळून मी निगेटिव्ह औषधात उठवली आणि छापली. औषधं कालवायला आईच्या हंड्यातलं तांब्याभर गोडं पाणी चोरासारखं घेतलं. गावातली विहीर मचूळ. आंघोळ, भांडी सगळं तिच्यावर. पिण्याचं गोडं पाणी, आईच्या बोलीत 'गोरा पानी', बायका कोस-दीड कोसावरून डोक्यावर आणत. त्याला पिण्या-शिजवण्याखेरीज हात लावायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. कागद धुवायला ते मागायचं माझ्या मनातही आलं नाही. आणि वाहतं पाणी तर दारात होतं. भरती लागलेली बघून मी निगेटिव्ह आणि फोटो मासळीच्या टोपलीत ठेवून वर जाळं बांधलं आणि टोपली तासभर खाडीत सोडली. आपल्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

फोटो सुंदर आला. दादाचे डोळे सरळ आईकडे.

दादा निघाला त्या सकाळी त्याचे केस मऊ दिसले, नेहमीसारखे खाराने ताठ नव्हते. माझ्या लक्षात आलं, पण होडीची घाई होती, विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी फोटोवर पिवळे डाग उठले. मग कपाळ गेलं, मग एक डोळा. मी निगेटिव्ह काढली तर तिचीही तीच गत. फोटो घेऊन फोर्टात पळालो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तो उजेडात धरला. "कशात धुतला?" मी सांगितलं. "खाऱ्या पाण्याचं एवढं काही नाही हो," ते म्हणाले. "पण शेवटी दोन बादल्या गोडं पाणी लागतं, नाहीतर मीठ कागदातच राहतं. तेच तर सांगत होतो त्या दिवशी."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. रागवेल असं वाटलं होतं, रागवली असती तर बरं झालं असतं. पत्रं येत होती, दादा येत नव्हता. आई असेपर्यंत तो आलाच नाही. तिच्याकडे बघणारा तो एक चेहरा होता, आणि तो मी घालवला होता.

"गोरा पानी लागतं व्हय?" ती म्हणाली. "मना वाटलाच व्हता. म्हनून त्या दिसाला मी दोन खेपा केल्या. एक हंडा झाकून ठेवला व्हता, तुझ्या कागदासाठी."

"मग बोलली का नाहीस, आये?"

"तू मांगशील म्हनून वाट बघली. तू नाय मांगला. मंग रातीला त्याच पान्यानं दादाला न्हाऊ घातला."