मस्कत बघून आलेली सरजाबाई

सरजाबाईला आयुष्यात कुणी काही आधी दाखवून मग विचारलं नव्हतं. नवरा तिनं मांडवातच पाहिला. तो गेल्यावर रेणापूरचा बौद्धवाडा सोडून लातूरला जायचं, हे दिरानं ठरवलं. सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागली, तेव्हा वॉर्ड दुसऱ्यांनी ठरवला. सूनसुद्धा मुलानं, निवृत्तीनं, नांदेडला स्वतःच बघितली आणि आईला नुसती तारीख कळवली. त्यामुळे इंजिनिअर झालेला, मस्कतहून सुट्टीवर आलेला निवृत्ती जेव्हा म्हणाला, "माय, एकदा येऊन बघ. पटलं तर कायमची राहा, न्हाई पटलं तर आणून सोडतो," तेव्हा ती गल्लीभर तेच सांगत सुटली.

"बघायला चाललाव," ती म्हणायची. "पटलं तर राहीन."

"तुला न पटायला काय झालं?" शेजारची गुणाबाई म्हणाली. "हितं काय ठिवलंय? नळाला पानी न्हाई."

"न्हाई पटलं तर येईन की माघारी. माझी खोली हाय."

"आन् राहिलीस तर खोली माझ्या शेषेरावला दे बग. एका खोलीत सून, पोरगं आन् मी. रात्रीचं खोकायची सुद्धा चोरी झालीय."

खोली भाड्याची होती, पण तिच्यात स्वतंत्र नळ होता. लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कलेक्टर आले, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पाऊस मात्र आला नाही. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून गल्लीतले सगळे नळ कायम उघडेच असत. खाली रिकामी घागर ठेवायची. धार घागरीत पडली की त्या आवाजानं माणूस झोपेतून उठायचा. आणि मोरीच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा घालायचा. आंघोळीचं पाणी मोरीतच तुंबवून ठेवायचं आणि तांब्यानं उपसून फरशीला, संडासाला वापरायचं. सरजाबाईच्या हाताला ही सवय अशी जडली होती की बोळा घातल्याशिवाय ती हात धुवायलाही बसत नसे.

मस्कतला पोचल्यावर तिनं न्हाणीघरातला नळ सोडला आणि बघत उभी राहिली. पाणी थांबेचना.

"विशाखे, हे कवा जातं?"

"काय?"

"पानी."

सून हसली. ती नांदेडची, गोदावरीकाठी वाढलेली. "इथं पाणी जात नाही, आत्याबाई."

खिडकीबाहेर भाजून निघालेले डोंगर होते. झाडाचं नाव नाही. रेणापूरपेक्षा वाळलेला मुलूख, आणि घरात पाणी संपत नाही. सरजाबाईचा त्यावर विश्वास बसायला तयार नव्हता. ती रोज मोरीला बोळा घाली, विशाखा रोज तो दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकी. "वास मारतो हो," एवढंच म्हणे. दुसऱ्या दिवशी सरजाबाई नवा बोळा करी.

पण बाकी सगळं जमत गेलं. निवृत्ती कामावरून आला की तिच्या पुढ्यात मांडी घालून जेवायचा. लहानपणी तिच्या ड्यूटीमुळे त्याला कधी ताजी भाकर मिळाली नव्हती. आता तव्यावरची मिळत होती. एका संध्याकाळी तो म्हणाला, "माय, आता जायचं नाव काढू नगं." सरजाबाईनं भाकर उलटली आणि मनात ठरवून टाकलं.

निवृत्तीच्या हाताखालचा उदगीरचा मिस्त्री नरसिंग सुट्टीवर गावाकडं निघाला होता. तिनं त्याच्याजवळ निरोप दिला, "गुणाबाईला सांग, मला पटलं. खोली शेषेरावाला घे म्हनावं."

आपण एक गोष्ट ठरवली आणि ती तशीच झाली, याचा तिला त्या दिवशी फार आनंद झाला. ती विशाखाच्या साड्यासुद्धा घड्या करून ठेवत बसली.

मग इमारतीची पाण्याची टाकी धुवायचा दिवस आला. वॉचमन सकाळी सांगून गेला. विशाखा शाळेत शिकवायला निघता निघता म्हणाली, "पाणी बंद आहे, आत्याबाई. दुपारपर्यंत येईल, काळजी करू नका."

सरजाबाईनं त्यातलं 'पाणी बंद' तेवढं ऐकलं. तिनं सगळे नळ उघडले, प्रत्येकाखाली भांडं ठेवलं, न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात बोळे घट्ट बसवले आणि धारेच्या आवाजाची वाट बघत भिंतीला टेकली. एसी घरघरत होता. न्हाणीघराचं दार आपोआप लागलं. तिचा डोळा लागला.

लातूरची धार करंगळीएवढी. घागर भरेपर्यंत माणूस उठून, पदर सावरून, शेजारणीला हाक मारून यायचा. इथं पाणी आलं ते मनगटाएवढं. ती जागी झाली तेव्हा बैठकीतला गालिचा पाण्याखाली होता आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी ओरडत होतं.

खाली निवृत्तीचा मॅनेजर राहायचा. तो नुकताच सुट्टीवरून परतला होता, सरजाबाईला त्यानं पाहिलं नव्हतं. त्याच्या छतातून पाणी गळून सोफ्यावर पडत होतं. निवृत्ती आणि विशाखा धावत घरी आले, त्यांच्या मागोमाग तोही वर आला. सरजाबाई पदर खोचून, गुडघे टेकून फरशी पुसत होती.

"ये कौन है?" त्यानं विचारलं.

निवृत्तीनं आईकडं पाहिलं. विशाखानं निवृत्तीकडं पाहिलं.

"नई बाई है, साब," निवृत्ती म्हणाला. "गाँव से बुलाई थी. वापस भेज देंगे."

सरजाबाईला हिंदी मराठीइतकीच कळायची. दवाखान्यातले निम्मे पेशंट तीच बोलत. तिनं फडकं बादलीत पिळलं आणि पुढची फरशी पुसायला घेतली. चपला भिजू नयेत म्हणून मॅनेजर टाचांवर चालत बाहेर गेला.

संध्याकाळी निवृत्ती तिच्यासमोर बसला, पण ताट घेतलं नाही.

"माय, तोंडातून निघून गेलं. वरच्या जागेसाठी माझं नाव चाललंय."

"बरं केलंस."

"आता तू हितं दिसलीस तर..."

"दिसनार न्हाई."

"बोळा कशाला घालायचा होता पण?" विशाखा स्वयंपाकघरातून म्हणाली. "बोळा नसता तर काही झालंच नसतं."

ते खरंच होतं.

निवृत्ती खाली बघत म्हणाला, "गावात काय सांगशील?"

"मला पटलं न्हाई, म्हनून सांगीन."

त्यानं इतक्या झटकन मान हलवली की हेच ऐकायला तो बसला होता, हे तिला कळलं.

लातूरला गल्लीत शिरली तेव्हा तिच्या खोलीच्या दारात शेषेरावची बायको तांदूळ निवडत बसली होती. गुणाबाई बाहेर आली. मागोमाग चार बायका आल्या.

"आलीस व्हय, सरजे? नरसिंग तर म्हनला, पटलं."

"पटलं हुतं. मग न्हाई पटलं."

"पानी न्हवतं का तिकडं?"

"लई हुतं. थांबतच न्हवतं."

"मग पोरगं वंगाळ वागलं?"

"पोरगं कशाला वंगाळ वागतंय? राहा म्हनून पाया पडायलं हुतं."

बायका हसल्या. गुणाबाई हसली नाही. "पोरगं पाया पडतंय, पानी थांबत न्हाई, आन् तू आमच्या लेकराला भाईर काढून हितं बसाय आलीस?"

"माझी खोली हाय ती."

"हुती. तुज्याच तोंडानं दिलीस." गुणाबाई जवळ आली. आवाज जरा उतरला. "हे बग, तुला तिकडून हाकललं असंल तर सांग. आजच्या आज शेषेरावाला सामान उचलाय लावते. हाकललं का?"

सरजाबाईच्या हातात ट्रंक होती. तिनं ती खाली ठेवली नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "मीच आले."

"मग झालं तर."

तेवढ्यात आत नळ खुरखुरला आणि घागरीत धार पडली. बायका कळशा आणायला पळाल्या. सरजाबाईचं पाऊल सवयीनं दाराकडं पडलं.

"सरजे, व्हय बाजूला," गुणाबाई घागर उचलत म्हणाली. "वाटंत हुबी राहू नगं."