गोजरबाईंच्या पिल्लाची हगवण

पिंपळगाव रेणुकाईच्या अंगणवाडीत गोजरबाई नऊ वर्षं एकच गोष्ट सांगत आल्या होत्या. लेकराला जुलाब लागले की पाणी तोडू नका. पेलाभर उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, आणि घोट घोट पाजत राहा. बाया मान डोलवत, आणि घरी जाऊन लेकराचं पाणी बंद करत. दहावी पास होऊन या गावात सून म्हणून आलेल्या गोजरबाईंचा निम्मा घसा यातच बसला होता.

त्यात १९९४ च्या हिवाळ्यात हे पिल्लू गळ्यात पडलं. गल्लीतली काळी कुत्री जीपखाली गेली. मागं चार पिल्लं राहिली. दोन थंडीनं गेली, तिसरं हगून हगून गेलं. चौथं गोजरबाईंनी गोणपाटात गुंडाळून ओसरीवर आणलं. पोट नगाऱ्यासारखं, पाय काड्यांसारखे.

"हे एक तरी जगवीन," त्या सासूला म्हणाल्या.

"जगव की. वसरी कोण धुणार ते आधी सांग," द्वारकाबाई म्हणाल्या.

ओसरी गोजरबाईच धूत. कधी पिवळं पाणी, कधी शेंबडासारखं चिकट. एका सकाळी त्यात शेवयांसारखे जंत वळवळताना दिसले, तेव्हा त्यांनी पिल्लाला पिशवीत घातलं आणि भोकरदनची एसटी धरली.

"बाई, पिशवीत काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"दुखणं हाय. त्याचं तिकीट फाडू नका."

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. म्हशीचं दूध बंद, मऊ भात आणि पातळ ताक, एवढंच द्यायला सांगितलं. जंत पडले. तीन दिवस बरे गेले. मग पुन्हा पाणी. पुन्हा बरं, पुन्हा पाणी. गोजरबाईंनी डॉक्टरांना नावं ठेवली, तांदळाला नावं ठेवली, ताक बदललं. शेवटी अंगणवाडीच्या सवयीनं कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या. घट्ट झाली तर गोल, पातळ झाली तर फुली.

तिसऱ्या आठवड्यात त्या कॅलेंडरपुढं कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. सगळ्या फुल्या बुधवारी आणि शनिवारी. म्हणजे मंगळवार-शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी. देवीचे वार!

त्या शुक्रवारी अंगणवाडी सुटताच त्या घाईनं घरी आल्या. पिल्लू गल्लीच्या मधोमध शेपूट हलवत बसलेलं, आणि शेजारच्या केशरमावशी वाकून त्याला पुरण भरवत होत्या.

"मावशी! त्याला हगवण लागलीय, आन् तुम्ही पुरण चारून राह्यलात?"

"म्या तर इत्तूसा घास देल्ता. देवीला निवद दाखवला की एक घास गाईचा, एक कुत्र्याचा. काळी होती तवर तिला टाकत होतो. आता तिचं पोर खाईल, न्हाई तर कोण?"

"गल्लीत अकरा घरं हायेत. अकरा ठिकाणचं इत्तूसं इत्तूसं मिळून किती झालं?"

"मंग देवीचा घास नालीत टाकू का? तू शिकलेली हाईस, तुला चालल."

गोजरबाई तोंड उघडणार तोच मागून त्यांच्याच घराची कडी वाजली. द्वारकाबाई तुपाळ शिऱ्याचा गोळा घेऊन पिल्लाला यू यू करत होत्या.

शनिवारी रक्त पडलं. पिल्लू पडल्या जागेवरून उठेना. गोजरबाईंनी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी आटलं की असं होतं, हे लेकरांच्या बाबतीत त्या नऊ वर्षं शिकवत होत्या. दुसऱ्या एसटीनं त्या पुन्हा भोकरदनला गेल्या. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "पोटात आता पाण्याशिवाय काही गेलं तर मला विचारू नका." रविवार-सोमवार गोजरबाईंनी औषधाच्या नळीनं साखरमिठाचं पाणी थेंब थेंब पाजलं.

घास बंद करणं आपल्या बापाच्यानंही होणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. मंगळवारी पिल्लाला खोलीत कोंडून, किल्ली कमरेला खोचून त्या टोपलं घेऊन निघाल्या.

"आणा, कुत्र्याचा घास मी पोचवते," त्या प्रत्येक दारात चिडक्या आवाजात म्हणत होत्या. "बसथांब्यावर चार थोराड कुत्री हायेत. देवीला बराबर पोचल."

"अशी ओरडून राह्यलीस, जशी आम्ही ईखच घालून राह्यलो," केशरमावशी पुरण टाकत म्हणाल्या.

बुधवारी सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात बोटभर, तपकिरी, घट्ट विष्ठा पडली होती, आणि तिच्यापलीकडं पिल्लू केरसुणी ओढत होतं. गोजरबाई उकिडव्या बसून बघत राहिल्या. मग सासूला हाक मारली.

द्वारकाबाईंनी चष्मा सावरून नीट पाहिलं. "ब्येस झालं. मंग परवा शिरा चालल ना याला?"

गोजरबाईंनी शुक्रवारी किल्ली कमरेला खोचली, टोपलं काखेला मारलं, आणि पहिला घास आपल्याच सासूच्या हातून काढून घेतला.