एअरशिपच्या गावातली करी

जपानमधल्या इबाराकी प्रांतातल्या एका संस्थेत माझं पोस्टडॉक संशोधन चालू होतं, तेव्हा मी त्सुचिउरा गावात भाड्याने राहायचे. खालच्या मजल्यावर घरमालक. नव्वदीला टेकलेले, एकटे. आदल्या वर्षीच्या मोठ्या भूकंपात घराची कौलं घसरली होती, त्यावर अजून निळी ताडपत्रीच होती.

एके दिवशी ते वर आले आणि कमरेत वाकून म्हणाले, "शनिवारी गावच्या हॉलमध्ये करी करणार आहोत. तुम्ही भारतीय. चव बघून सांगाल का?"

त्यांच्या लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, जर्मनीहून एक अजस्र एअरशिप, म्हणजे वायूने भरलेलं फुगीर हवाई जहाज, तिथे उतरलं होतं. त्यातल्या पाहुण्यांना गावाने बटाट्याची करी खाऊ घातली, हे गाव अजून अभिमानाने सांगतं.

मला कुकर लावता येतो, त्यापुढे माझी मजल नाही. नशिबाने सासूबाई दोन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. मी त्यांनाच परीक्षक केलं.

शनिवारी हॉलमध्ये आमच्यासाठी बिनमांसाचं वेगळं पातेलं होतं. सासूबाईंनी घास घेतला. एप्रन घातलेल्या चार बायका श्वास रोखून उभ्या.

"यात गूळ कोणी ओतलाय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई म्हणतात, चव फार सौम्य आहे," मी जपानीत सांगितलं. चौघीही खूश होऊन वाकल्या.

मग घरमालकांनी आम्हाला भिंतीवरचा एअरशिपचा जुना फोटो दाखवला. "इथून ते समुद्र ओलांडून थेट अमेरिकेला गेलं. आत जेवायला टेबलं, झोपायला बिछाने."

"म्हणजे ती माणसं आडवी होऊन गेली, आणि मी अख्खा प्रवास गुडघे आवळून बसून केला!" सासूबाईंनी फोटो नीट निरखला. "अगं, त्यांना विचार, इतके दिवस वर, तर संडासाचं काय करायचे? ते खाली पडायचं का?"

"आई, असं विचारतात का कुणी!"

"का? समुद्रावर ठीक आहे. पण हे तर गावावरून गेलं ना?"

"ओकासान काय म्हणताहेत?" घरमालकांनी विचारलं. त्यांच्या तोंडी ओकासान म्हणजे आई. माझे कान तापले, पण सांगितलं.

त्यांनी मान खाली घातली. आता दुसरं घर शोधावं लागणार, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांचे खांदे हलायला लागले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या थोरल्या भावाने मला हीच भीती घातली होती," ते म्हणाले. "सगळं गाव माना वर करून ओरडत होतं, आणि मी आईची छत्री डोक्यावर धरून खाली बघत उभा होतो. मला फक्त सावली दिसली. जमिनीवरून सरकत गेली, संपेचना. आजवर सगळ्यांना सांगत आलो, मी एअरशिप पाहिलं म्हणून."

मी हे मराठीत सांगितल्यावर सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी घरमालकांच्या वाटीत स्वतः करी वाढली आणि म्हणाल्या, "सावली तरी आणखी कुणी पाहिली?"

पुढच्या आठवड्यात ते लायब्ररीतलं जाड पुस्तक घेऊन वर आले. संडास होते म्हणे. पुढची व्यवस्था काय, ते पुस्तकात नव्हतं.

"लिहिणारा पुरुष असणार," सासूबाई म्हणाल्या.

मी तेही जपानीत सांगितलं. घरमालकांनी मुखपृष्ठावरचं नाव पाहिलं आणि गंभीरपणे मान डोलावली.