इला रडत नाही

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा डिलीट केलं. पण उत्तराताईच म्हणाली, माझं नाव घालून लिही. म्हणून घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

उत्तराताई इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या समोर राहते. मूळची अकोल्याची, इथल्या शाळेत गणित शिकवायची. इतकी मोठ्याने हसायची की शेजारच्या वर्गातली टीचर दार लावून घ्यायची म्हणे. तिला इला झाली. तिच्या आईचा व्हिसा काही झाला नाही, मग आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर डब्यांची यादी लागली. रूल एकच, बेल वाजवायची नाही, बाळंतिणीला झोपू द्यायचं. डबा पोर्चवर ठेवून मेसेज टाकायचा. मंगळवार माझा. चार महिने मी डबे ठेवून पळत होते यार.

व्हिडिओ कॉलवर मंडळातल्या काकवा म्हणायच्या, "अगं, रडतच नाही. किती शहाणी."

तीन आठवड्यांपूर्वी गेले तर सोमवारचा डबा पोर्चवर तसाच, थंडीने गोठून दगड. मी बेल वाजवली.

"ये," उत्तराताई म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

इला जागी होती. डायपर भिजून जड झालेला, आणि ही गप्प. मी कॉलेजच्या लॅबमध्ये बाळांची रेकॉर्डिंग्ज ऐकून नोंदी करते, हा हसला, ही चिडली, ही नुसती हुंकारतेय. चार महिन्यांचं इतकं गप्प बाळ मी कधीच ऐकलं नव्हतं. मी टाळी वाजवली. तिने बघितलं आणि मान फिरवली. म्हणजे ऐकू येत होतं.

"ताई, हिच्याशी बोलतेस ना?"

"काय बोलू गं? आधी रडायची. मला उठताच यायचं नाही. मग तिनेच बंद केलं."

"संग्रामदादाला सांगितलंस?"

"काय सांगू? सगळे म्हणतात नशीबवान आहेस." मग हळूच म्हणाली, "मी नसले तरी हिला कळायचं नाही."

मी संग्रामदादाला, तिच्या नवऱ्याला, शिकागोला ऑफिसात फोन लावला. "दादा, मिळेल त्या ट्रेनने ये."

"दमली असेल गं ती."

"दादा, आत्ता निघ."

मग तिच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन. आई अशी मिटली की काही बाळांचा आवाजही मंदावतो, म्हणाल्या, पण उपचारांनी दोघी सावरू शकतात.

काल इला रडली. बारीक आवाजात, मिनिटभर. उत्तराताईने उठून तिला उचललं. तरी मंगळवारी बेल वाजवली की दार उघडेपर्यंत मी आतून इलाचा आवाज येतो का ते ऐकत उभी असते.

तुमच्या ओळखीत कुणी बाळंतीण असेल तर याच आठवड्यात जा. बेल वाजवा, आत जाऊन बसा तिच्याजवळ.