एकटीचा युरोप

"बसत नाय गो, जातंय मी," असं म्हणायचं आणि तासभर उभं राहायचं, ही आमच्या घरमालकीणबाईंची पद्धत. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, हात चौकटीला. मी खुर्ची पुढे केली की विंचू पुढे केल्यासारख्या मागे सरायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिला कुणी निवांत बसलेलं पाहिलेलं नाही. पण आमच्या मावशी म्हणजे कहर होता.

ऐरोलीच्या जुन्या गावात त्यांची चार मजली बिल्डिंग. तिथं इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की समोरच्या घरात आज कोळंबी आहे की बोंबील, ते माझ्या स्वयंपाकघरात आधी कळायचं. मी दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. दिवसभर महाप्याच्या ऑफिसात परदेशी लोकांचे विम्याचे कागद तपासायचे आणि घरी येऊन पाठ टेकायची, एवढंच माझं मागणं. पण पाठ टेकली रे टेकली की दारात मावशी. "झोपली काय गो? झोप, झोप. एकच इचारायचंय." त्यांचं एकच म्हणजे किमान दहा असायचं.

या न बसण्याचं कारण मला नंतर कळलं. त्यांच्या भावकीत लग्नाची आमंत्रणं करायचं काम कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होतं. दिवा, रबाळे, गोठवली, घणसोली, गाव घ्यायचं आणि एकही घर चुकवायचं नाही. उंबऱ्यात उभं राहायचं, कुंकू लावायचं, हातात नारळ द्यायचा, तारीख आणि ठिकाण सांगायचं, की पुढचं घर. एका घरी टेकलं तर सगळीकडे टेकावं लागतं, नाहीतर लोक लग्नाला येतात पण फुगलेल्या तोंडानं. म्हणून मावशी कुठेच बसत नसत. ती सवय पायांतच मुरली होती.

एक दिवस अशाच उभ्या असताना म्हणाल्या, "तुज्या त्या कंप्युटरवर युरोप दिसतं काय?"

"दिसतं की. का?"

"मना जायाचंय. एकटीला."

मी हसले. म्हटलं, "मावशी, एखादी टूर घ्या ना. आपली माणसं असतात, बसमध्ये वरणभात मिळतो."

"आपली मानसं असतात म्हनूनच नको!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की समोरची खिडकी उघडली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लगीन होऊन आली तवा घरात वीस मानसं. आजून तेवडीच हायेत. नाक्यावर मीठ आनाया गेली तरी चार जनी इचारतात, कुटं चाललीस. मालक गेले तवा भोवती नुसत्या बाया. कोन पानी देतंय, कोन पाट चोलतंय. चांगल्याच हायेत गो सगल्या. पन रडाला पन मी एकटी नवती. एकदा, फक्त एकदा मना आसं चालाचंय, जिथं मना कोनी वलखत नाय. जातंय मी."

आणि खरोखरच गेल्या. मला हसल्याची लाज वाटली म्हणा.

मग सुरू झालं प्लॅनिंग. नकाशा उघडून दिल्यावर त्यांनी तो आमंत्रणाच्या हिशेबानंच पाहिला. "लांबचं घर पयलं. मंग घराकडं सरकत याचं. म्हंजे दमलं तरी जीवाला वाटतं, घर जवल येतंय." म्हणून पॅरिस पहिलं, मग ॲमस्टरडॅम, मग प्राग, मग व्हिएन्ना. मी रोम सुचवलं तर त्यांनी बोटानं अंतर मोजलं आणि रोम उडवून लावलं. "ते वाटेत नाय. एका घरासाटी कोन एवडं वाकडं जातंय?" इतक्या मोठ्या रोमचा निकाल त्यांनी उभ्या उभ्या लावला.

पुष्कळ म्युझियम्स सोमवारी बंद असतात हे कळलं तेव्हा त्यांना फार आपुलकी वाटली. "आपले सोमवारी मासे बंद, त्यांची म्युझियमं."

त्या काळात त्यांनी मला छळ छळ छळलं. मी दात घासत असताना दारात, "ट्रेन चुकली तं दुसरी कवा?" मी कुलूप लावताना जिन्यात, "थंडीत साडी चालंल की ड्रेसच घालू?" ऑफिसात फोन, "तिकडं संडासाला पैसे पडतात म्हनं, खरं काय?" मी म्हणायचे, "मावशी, टेन्शन नका घेऊ." तर म्हणायच्या, "टेन्शन नाय गो, पाय थांबत नायत माजे."

मोबाईलवरच्या नकाशानं चालायची प्रॅक्टिस करायला आम्ही एका रविवारी खांदेश्वरला गेलो. तिथं त्यांना कोण ओळखणार? स्टेशनातून बाहेर पडायचं आणि मी दिलेला एक पत्ता कुणालाही न विचारता शोधायचा, अशी परीक्षा. मी मुद्दाम मागे राहिले. मावशी मोबाईल ताटासारखा दोन्ही हातांत धरून चालल्या होत्या आणि त्यातल्या बाईला "हां, हां, बगितलं" म्हणत होत्या. दोन वळणं झकास घेतली. तिसऱ्या वळणावर एका किराणा दुकानातून हाक आली, "आगो बाय, तू हिकडं कशी?" त्यांच्या मामेबहिणीची नणंद! पुढची दुपार आम्ही नणंदेच्या घरी सुरमई खाण्यात घालवली. परतताना मावशी म्हणाल्या, "बगितलंस? म्हनून युरोप." मला पटलं. खांदेश्वर कमी पडलं होतं.

आणि एवढं सगळं जमत आलं असताना त्यांनी घोळ घातला. असा घोळ फक्त त्याच घालू जाणोत.

त्यांच्याकडे रीत अशी की लांबच्या प्रवासाला निघायचं तर आधी भावकीतल्या मानाच्या घरी सांगायचं. मानाचं घर म्हणजे त्यांची थोरली जाऊ, चार घरं सोडून राहणारी. मावशी गेल्या. जुनी सवय कुठे सुटते? उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, जावेला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, कुठल्या महिन्यात आणि कुठं ते सांगितलं आणि निघाल्या. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं जी बाई असं फक्त आमंत्रण करत आली, ती असं करून गेल्यावर जावेनं काय समजायचं?

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मावशी सगळ्या भावकीला युरोपला बोलावतात! दोघी सुना नाचायला लागल्या. थोरल्या मुलानं बस ठरवली, पुतण्यानं जेवणाला महाराज ठरवला, ज्यांना पासपोर्ट नव्हते ते रांगेत उभे राहिले. रोमसुद्धा परत आत आलं.

"अहो, मग सांगा ना त्यांना, मी आमंत्रण दिलं नव्हतं म्हणून!" मी चिडून म्हणाले. मलाच राग आला होता, इतकी मेहनत माझीही होती.

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलीय. "दिलेलं आवतान कोन परत घेतंय? आमच्यात मेल्यावर पन घेत नाय."

पुढचे काही महिने त्या माझ्या दारात आल्याच नाहीत. गच्चीवर फेऱ्या मारायच्या. माझ्या डोक्यावर थेट गच्ची नाही, तरी मला त्या फेऱ्या कळायच्या. सगळ्यांचे व्हिसा आले, त्यांचाही आला. टोप्या शिवून आल्या, पिवळ्या धमक.

निघायच्या आदल्या दिवशी मावशींचा गुडघा दुखायला लागला. एकदम धरलाच. सगळी भावकी जिन्यात गोळा. मुलं म्हणाली, रद्द करू. जाऊ म्हणाली, "तू नाय तं मी पन नाय." दुसऱ्या दिवशी मावशींनी एकेकाला झापून, शपथा घालून गाडीत बसवलं. गाड्या वळणावरून दिसेनाशा झाल्या आणि या बाई धाडधाड जिना चढत माझ्या दारात.

"काड तिकीट."

"आणि गुडघा?"

"कसला गुडगा गो?"

मी लगेच कंप्युटर उघडला; भीती होती, पण मजाही वाटत होती. वेळ कमी होता, म्हणून पॅरिस आणि ॲमस्टरडॅम सोडून प्राग आणि व्हिएन्ना एवढंच धरलं. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बसचा कार्यक्रम होताच. तो समोर ठेवून आम्ही असं बसवलं की मावशी व्हिएन्नाला असतील तेव्हा बस पार इटलीत असेल, आणि मंडळी मुंबईत उतरायच्या आधी मावशी ऐरोलीत. सुना रोज व्हिडिओ कॉल करायच्या. मावशी हॉटेलच्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून, पडदा ओढून सांगायच्या, "घरीच हाय. शेक घेतंय." मी इकडे त्यांच्या तुळशीला पाणी घालत होते आणि देवाला हात जोडत होते.

झालं सगळं सुरळीत. मंडळी परत आली तेव्हा मावशी दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. एकेकाला ओवाळलं. थोरल्या जावेनं त्यांच्या हातात फ्रिजवर लावायचं व्हिएन्नाचं चर्च ठेवला आणि म्हणाली, "लय चालाला लागतं गो तिकडं. तुज्या गुडग्याला झेपलं नसतं."

"व्हय काय?" मावशी म्हणाल्या, तोंडावरची रेघ न हलवता. मी जिन्यात ओढणी तोंडात कोंबून उभी होते.

दुसऱ्या दिवशी दारात आल्या आणि सगळं सांगितलं. प्रागचा पूल, ट्राम, चुकलेला रस्ता, परत सापडलेला रस्ता. मग म्हणाल्या, "आनि व्हिएन्नाला काय झालं आयक. मोठ्या चर्चसमोर सफरचंद खात होती, तं कानावर आपली भाषा. बगतंय तं पिवल्या टोप्या! त्यांच्या बसचा कार्यक्रम उलटा झालेला. मी पटकन खांबामागं."

"अरे देवा! मग?"

"मंग काय, बगत र्‍हायली. मी नसतंय तवा आपली मानसं कशी चालतात, ते पयल्यांदा बगितलं. नीट चालतात गो. तेवड्यात जाऊबाईला काय घाई झाली कोन जाने, टाल्या पिटून सगल्यांना बसमदी कोंबलं. सुटली मी. मंग बागेत गेली आनि मालकांसाटी रडली. पोटभर. एक बाई कुत्रा घेऊन समोरून गेली. बगितलं माज्याकडं, आनि गेली आपली. लय बरं वाटलं. जातंय मी."

मावशी गेल्या पावसाळ्याआधी वारल्या. झोपेतच. मी तोवर खांदेश्वरला राहायला गेले होते. धावत आले तर घर माणसांनी भरलेलं, जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. बाया एकमेकींना पाणी देत होत्या. मुलगा हुंदके देत म्हणत होता, "आईचं युरोप तेवढं राहिलं." मी खाली मान घातली. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, तर मी कोण सांगणारी?

थोरली जाऊ कोपऱ्यात बसली होती. तिनं मला हातानं जवळ बोलावलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "तू तिकीट काडलंवतंस ना?"

मी आधी मुलाकडे पाहिलं, त्याला ऐकू गेलं नव्हतं ना.

"खांबाआड पदर दिसला मना. तिची चाल मी चालीस वर्सं बगतंय, पदर नाय वलखनार?" तिनं डोळे पुसले. "वाटलं, धावत जावं, मिठी मारावी. मंग तिच्या तोंडाकडं बगितलं. म्हनलं, नको. आनि पोरांना सांगितलं, चला, चला, बसमदी बसा."