चाळिसातले बारा

"माणसं खोटं बोलत नाहीत, समोर कोण उभं आहे ते बघून बोलतात," खुर्शीद मुकादम एकदा म्हणाले होते.

द्रोणागिरीच्या गोदामातली नोकरी संपल्यावर ते सर्वेची कामं घेत. साबणाची, बिस्किटांची, आणि मतदानाच्या दिवशी एक्झिट पोलची. गळ्यात नावाचं कार्ड. लोक आधी नाव वाचत, मग चेहरा बघत, मग उत्तर देत. मागच्या दोन निवडणुकांत त्यांना मिळालेली उत्तरं वेगळी होती आणि मशीनमधून निघालेली मतं वेगळी. मुसलमान माणसाला बरं वाटेल ते लोक सांगतात, हे तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं होतं.

या वेळी करावे गावात, शाळेबाहेर, त्यांनी चाळीस जणांना कुठल्या चिन्हाला मत दिलं ते विचारलं. सव्वीस जण शिडी म्हणाले, चौदा कपबशी. शिडीवाल्यांत गोटीरामही होता, त्यांचा तीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याचा मुलगा केतन कपबशीच्या उमेदवाराचा कार्यकर्ता. घरावर झेंडासुद्धा कपबशीचाच.

"लिव, शिडी," गोटीराम हळूच म्हणाला. "केतनला बोलू नको. तुला खोटा सांगून मना काय मिलनार हाय?"

खुर्शीदनी टॅबवर शिडी दाबली. गर्दी ओसरल्यावर भिंतीला टेकून त्यांनी आपल्या भिडेखातर शिडी म्हणाले असतील असे बारा जण निवडले आणि त्यांची उत्तरं बदलून कपबशी केली. बारावा गोटीराम होता.

एक्झिट पोलच्या संध्याकाळी टीव्हीवर कपबशी पुढे दिसली. गोटीरामचा फोन आला.

"म्हंजे शिडीला मीच एकला काय रं?"

खुर्शीद हसले. नंतरचे तीन दिवस ते एकच हिशेब घोळवत राहिले. कपबशी आली तर दोस्त खोटा. शिडी आली तर... पुढचं वाक्य ते मनातसुद्धा पुरं करत नव्हते.

निकालाच्या दिवशी दुपारीच ते गोटीरामच्या ओटीवर जाऊन बसले. शिडी आघाडीवर होती. तीन दिवसांपूर्वी टीव्हीवर आकडे सांगणारेच आज ते का चुकले ते समजावत होते. चहावर साय धरली. पाचच्या सुमारास केतन मतमोजणीहून आला.

"काय काका, तुमच्या पोलवर पेढे सांगून ठेवले होते मी. आता तुमीच खा." त्याने खिशातला कागद पुढे केला. "आणि हे आपल्या शाळेतल्या बूथचं बघा."

शिडी ४१२. कपबशी २२१.

खुर्शीदनी मनात भाग दिला. चाळिसात सव्वीस. भिंतीला टेकण्याआधी होते तेवढेच.

केतन पाय धुवायला आत गेला. गोटीराम जवळ सरकला. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"बघ, एकला नव्हतो मी. तू बरोबरच लिवला असशील. वरच्यांनीच घोल केला." मग आवाज आणखी खाली आणत त्याने विचारलं, "माजा लिवलास ना, सांगितला तसा?"

खुर्शीदनी कागदाची घडी केली, ती त्याच्या हातात दिली, पायरीवरच्या चपलांत पाय सरकवले आणि ते बाहेर पडले.