गळ मोडलेली माशी

आठ वर्षे मी मुंबईत एका इंग्रजी खेळसामानाच्या दुकानात साहेबलोकांसाठी माशा बांधल्या. माशी म्हणजे बारीक गळावर दोऱ्याने बांधलेली पिसे. पाण्यावर पडली की माशाला किडा वाटावा अशी. शेकडो बांधल्या, पण माझ्या माशीला मासा तोंड लावतो हे कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. साहेब त्या घेऊन काश्मीरला जात आणि परत येऊन तिथल्या हवेचे कौतुक सांगत! यंदा नाताळात आठवड्याची रजा मिळाली, तेव्हा ठरवले, आपणच जाऊन पाहायचे. लांज्याकडे एका देवळाखालच्या डोहात हातभर लांबीचे मासे आहेत, असे शेजाऱ्यांकडून ऐकले होते.

सकाळची बोट धरली. डेकवर बसणाऱ्यांनी सतरंजी आणि बोट लागू नये म्हणून लिंबू बरोबर ठेवावे. माझे लिंबू हर्णैलाच संपले. दिवस कलताना रत्नागिरीला पडावातून उतरलो, खाणावळीत सरंग्याची आमटी दोनदा मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीने लांजा गाठले. पांढरे धोतर नेसून या लाल धुळीच्या रस्त्याने जाऊ नये. पुढे दोन कोस चालत.

देवळाचे गुरव धोंडू यांनी ओसरीवर जागा दिली, पण माझी काठी पाहताच म्हणाले, "हितं गळ टाकायचा नाय, पावण्यानू. मासं देवाचं हायत."

माझा चेहराच पडला. एवढा खटाटोप करून हात हलवत परतायचे? मग पेटीतून चिमटा काढला, माझ्या सर्वांत देखण्या माशीच्या गळाचे टोक मोडले आणि ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"मंग मासा धरताव कसा?"

"धरायचा नाही. त्याने तोंड लावलेले बघायचे आहे."

त्यांना माझी दया आली असावी. "टाका मंग," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळभर दोरी पुढेमागे भिरकावत राहिलो. लाल, निळ्या, सोनेरी, सगळ्या माशा झाल्या. मासे खालून निवांत फिरत होते. "नदीला वारा घालताव काय वो?" धोंडूंनी पायरीवरून विचारले.

दुपारी एक म्हातारी नवस फेडायला आली. तिने मूठभर चुरमुरे पाण्यात टाकले मात्र, डोह उसळलाच! मी कपाळावर हात मारून घेतला. साहेबाच्या देशातले किडे या माशांनी बघितले होते कुठे? यांचा जन्म प्रसादावर गेलेला!

धोंडूंच्या खुराड्यातून पांढऱ्या कोंबडीची पिसे मिळाली. पायरीवर बसून मी चुरमुरा बांधायला घेतला. दुकानात समोर नमुन्याचे चित्र असे; इथे चित्र नव्हते. दोनदा उसवला. पोट फुगीर झाले, टोके निमुळती झाली, आणि मी एकटाच हसत सुटलो. इतका आनंद आठ वर्षांत झाला नव्हता. त्याच्याही गळाचे टोक मोडले.

तिसऱ्या फेकीला पाणी फुटले. काठी वाकली, हाताला एकच हिसका बसला, आणि माशाने तो चुरमुरा थुंकून टाकला.

"खाल्लान! खाल्लान!" धोंडू माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले. मी गुडघाभर पाण्यात नाचत होतो.

सूर्य मावळेपर्यंत त्यांनी माझ्याकडून बांधणी शिकून घेतली. निघताना थोडा दोरा आणि टोके मोडलेले दहा गळ त्यांना ठेवून आलो.

घरी बायकोने विचारले, "मासा कुठाय?" मी हकीकत सांगितली. "म्हणजे चुरमुरेसुद्धा खोटेच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो.

महिन्याने पाकीट आले. धोंडूंनी शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेले दोन ओळींचे पत्र: तुमच्या चुरमुऱ्याला मासे आता ओळखतात, तोंड लावत नाहीत; सोबतची माशी मी बांधली आहे, काल चार माशांनी धरली. आत नारळाच्या शेंडीची एक ओबडधोबड, वेडीवाकडी माशी होती. प्रसादाच्या गूळखोबऱ्यासारखी दिसणारी. दुकानात असली कोणी मांडली असती तर मीच फेकून दिली असती. रविवारी मी ती हलक्या हाताने वेढा वेढा उसवली, आणि तशीच्या तशी बांधायला बसलो.